बरे न होणारे गजकर्ण आणि एका घरातला प्रश्न: प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

नायगावच्या बाजूची एक जुनी चाळ. १६० चौरस फुटांची खोली आणि तीत चार माणसे: सासूबाई, थोरला मुलगा, त्याची बायको आणि धाकटा दीर. सुनेला मी इथे वैशाली म्हणते. ते तिचे नाव नाही, आणि ओळख पटेल असे बाकीचे तपशीलही बदलले आहेत. हे लिहायला तिची संमती आहे. "लिहाच" असे तिनेच दोनदा सांगितले.

मी एका प्रयोगशाळेच्या बुरशी विभागात काम करते. आमच्याकडे रुग्ण सहसा येत नाहीत, कातडीचा कोंडा येतो, काळ्या कागदाच्या घडीत. पण या प्रकरणात त्वचाविकाराच्या डॉक्टर मॅडमनी वैशालीलाच पाठवले. नमुना नीट घेतला जावा, आणि तिच्याशी कुणीतरी जरा निवांत बोलावे, असे दोन्ही त्यांच्या मनात होते.

लग्न डिसेंबरात झाले. ती सातारा जिल्ह्यातून आली. मार्चमध्ये कमरेवर, परकराची नाडी बसते तिथे, पहिला चट्टा उठला. मग जांघेत, मग पोटावर. एप्रिलमध्ये नवऱ्याला. तो दुचाकीवरून पार्सले पोचवतो; दिवसभर अंगात कंपनीचा नायलॉनचा टीशर्ट. नाक्यावरच्या मेडिकलमधून एक ट्यूब आली. लावल्यावर दोन दिवसांत खाज थांबली, लाली गेली. लावायची बंद केली की आठवडाभरात चट्टा पहिल्यापेक्षा मोठा होऊन परत. पुन्हा ट्यूब. मुंबईत हे इतके सर्रास चालते की त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही.

अशा ट्यूबमध्ये बुरशीचे औषध, जिवाणूंचे औषध आणि जहाल स्टेरॉइड एकत्र असते. स्टेरॉइड त्वचेचा विरोध दाबते, म्हणून लाली आणि खाज जाते. बुरशी मात्र तिथेच राहते आणि आता तिला अडवणारे कुणी नसते. चट्ट्याची ओळखीची गोल, उठावदार कड पुसट होते आणि डॉक्टरांनाही तो ओळखू येत नाही. त्वचेवर लावायची अशी अनेक स्टेरॉइडे सरकारने २०१८ मध्ये शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. वैशालीच्या घरी एकाही ट्यूबला चिठ्ठी नव्हती.

मे महिन्यात ती दवाखान्यात गेली. टर्बिनाफिन या बुरशीच्या औषधाच्या गोळ्या चार आठवडे, मग पुन्हा सहा आठवडे. चट्टे हलले नाहीत. तोवर जुलै उजाडला. गॅलरीतल्या दोरीवर कपडे तीन-तीन दिवस ओले, आणि घरात तिच्या टॉवेलला दाराजवळचा वेगळा खिळा. कणकेला हात लावायचा नाही, असे सासूबाईंनी सांगितले होते. "माहेराहून घेऊन आली" हे घरातले वाक्य वैशालीच्या तोंडून मी पहिल्याच दिवशी ऐकले. ते सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती, हातमोज्यांच्या खोक्याकडे बघत होती.

अडचण

डॉक्टरांपुढचा प्रश्न असा: टर्बिनाफिन का लागू पडत नाही? गोळ्या नीट घेतल्या नाहीत, स्टेरॉइडने घोळ केला, घरातल्या दुसऱ्या कुणाकडून संसर्ग परत परत होतो आहे, किंवा बुरशीच औषधाला दाद देत नाही. चारही एकाच वेळी खरे असू शकते.

शेवटच्या शक्यतेमागचे जनुक चांगले ओळखीचे आहे. बुरशीच्या पेशीच्या पडद्याला अर्गोस्टेरॉल लागते. ते बनवण्याच्या साखळीत स्क्वालीन इपॉक्सिडेज नावाचे विकर आहे, आणि टर्बिनाफिन नेमके त्यालाच धरून बसते. अर्गोस्टेरॉल कमी पडते, स्क्वालीन पेशीत साचते आणि बुरशी मरते. या विकराच्या जनुकाला एसक्यूएलई म्हणतात. त्यात ३९७ व्या जागी फेनिलअलानिन हे अमिनो आम्ल असते. तिथे ल्युसिन आले की औषधाची पकड सुटते. त्यासाठी डीएनएतले एक अक्षर बदलले तरी पुरते: टीटीसीचे टीटीए. ३९३ व्या जागच्या बदलानेही असेच होते. भारतात गेल्या काही वर्षांत पसरलेल्या गजकर्णाच्या बुरशीत हे दोन्ही बदल वारंवार सापडले आहेत. ती बुरशी वेगळी प्रजाती आहे असे जपानी संशोधकांनी २०२० मध्ये मांडले आणि तिला ट्रायकोफायटन इंडोटिनी हे नाव दिले. नावातच आपला देश आहे.

घरापुढचा प्रश्न वेगळा होता. नवरा तिच्याबरोबर आला होता, आणि त्याने तो मला सरळच विचारला: "मॅडम, कोरोनात जीनोम करून कुणाकडून कुणाला झालं ते काढायचे ना? तसं यातही निघेल का?"

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. घरातली रोजची धुसफूस त्याला कायमची मिटवायची होती, आणि यंत्राचा शब्द आई मानेल असे त्याला वाटत होते. मी म्हणाले, "बघू." तो शब्द मला पुढे फार जड गेला.

पर्याय

डॉक्टर मॅडम आणि मी फोनवर तीन रस्ते बोललो.

पहिला, काहीच तपासू नये. टर्बिनाफिन सोडून सरळ इट्राकोनॅझोल हे बुरशीचे दुसरे औषध सुरू करावे. बरेच डॉक्टर हेच करतात आणि त्यांचे चूक आहे असे मी म्हणणार नाही. कल्चरला, म्हणजे नमुन्यातली बुरशी वाढवून बघायला, दोन-तीन आठवडे जातात, जनुकवाचन सगळीकडे होत नाही, आणि खाजेने हैराण झालेल्या माणसाला "थांबा" म्हणणे सोपे नसते. पण वैशालीच्या बाबतीत गोळी बदलायची म्हणजे दुसराही विचार करणे भाग होते. गरोदरपणात इट्राकोनॅझोल टाळतात आणि घरात नातवाचा विषय रोज निघत होता. औषध खरोखरच बदलायला हवे याची खात्री असल्याशिवाय तिला त्या वाटेने न्यायचे नाही, असे मॅडमचे म्हणणे पडले.

दुसरा, टर्बिनाफिनचाच डोस वाढवावा. बुरशीत ३९७ चा बदल असला तर यात आणखी दीड महिना वाया.

तिसरा, कल्चर करावे, औषधाची किती मात्रा बुरशीची वाढ रोखते ते मोजावे, आणि एसक्यूएलई वाचावे. नुसती मात्रा मोजून भागत नाही, कारण या बुरशींसाठी "इथून वर प्रतिरोधी" अशी उपचाराची सर्वमान्य रेघ प्रयोगशाळांचे निकष ठरवणाऱ्या सीएलएसआय या संस्थेने आखून दिलेली नाही. आकडा मधलाच आला तर वाद राहतो. जनुकातला बदल आकड्याला आधार देतो. आम्ही हा रस्ता घेतला. जनुकवाचन संशोधनाच्या कामात बसवले, त्यामुळे त्याचा खर्च कुटुंबावर पडला नाही.

निर्णय घेताना एक गोष्ट आमच्या दोघींच्याही लक्षात आली नाही. नमुने कुणाकुणाचे घ्यायचे, हे आम्ही ठरवलेच नाही. वैशालीचा घेतला, नवरा समोर होता म्हणून त्याचा घेतला. सासूबाईंना आणि दिराला कुणी विचारलेच नाही.

काय केले

सगळ्या ट्यूब घेऊन या, असे मी सांगितले होते. वैशालीने प्लास्टिकची पिशवी टेबलावर उलटी केली. सात ट्यूब. सहा अर्धवट भरलेल्या. सातवी खालपासून गुंडाळत आणलेली, टूथपेस्टचा शेवटचा थेंब काढतात तशी, आणि तिच्या पत्र्याच्या कडा काळ्या पडलेल्या. मी सवयीने मुदत वाचली. लग्नाच्या आधीच्या ऑगस्टमध्ये ती संपली होती.

मी काही बोलले नाही. वैशालीने ती ट्यूब माझ्या हातातून घेतली, तारीख वाचली आणि परत पिशवीत ठेवली.

नमुना चट्ट्याच्या कडेवरून घ्यायचा असतो. जिवंत बुरशी तिथे असते. स्टेरॉइडमुळे कड हरवली होती, म्हणून दिव्याखाली तिरकस उजेडात शोधली. केओएच या द्रावणात भिजवलेल्या कोंड्यात आडवे पडदे असलेले बुरशीचे धागे स्पष्ट दिसले. बुरशी वाढवायच्या सॅबुरोच्या माध्यमावर नवव्या दिवशी पांढरी, पिठासारखी वाढ आली. सूक्ष्मदर्शकाखाली ही बुरशी जवळच्या नात्यातल्या बुरशींपासून वेगळी काढता येत नाही, म्हणून आयटीएस नावाचा जनुकीय पट्टा वाचला. दोघांचीही ट्रायकोफायटन इंडोटिनी निघाली. टर्बिनाफिनच्या चाचणीत ८ मायक्रोग्रॅम प्रति मिलीलीटरलाही दोघांच्या बुरशीने वाढ सोडली नाही. इट्राकोनॅझोलपुढे मात्र ती अगदी कमी मात्रेत थांबत होती.

मग एसक्यूएलई. नवऱ्याच्या नमुन्यात १,१९१ व्या अक्षरावर, म्हणजे ३९७ व्या जागेच्या तिसऱ्या अक्षरावर, स्वच्छ ए. टीटीए, ल्युसिन. वैशालीच्या नमुन्याच्या आलेखात त्याच जागी दोन शिखरे, एकाखाली एक: मोठे ए आणि त्याच्या अर्ध्या उंचीचे सी.

या बुरशीच्या पेशीत प्रत्येक जनुकाची एकच प्रत असते. आपल्यासारखी आईची एक आणि बापाची एक, असे नाही. तेव्हा एका जागी दोन अक्षरे दिसली तर अर्थ दोनच: नमुन्यात दोन वेगळ्या बुरशी आहेत, किंवा आमच्या हातून काहीतरी मिसळले आहे.

पहिला निर्णयाचा क्षण

डॉक्टर मॅडमना निकाल त्याच आठवड्यात हवा होता. माझ्या सहकाऱ्याने अहवालाचा मसुदा केला: "प्रतिरोधी व संवेदनशील अशा दोन प्रकारांचा मिश्र संसर्ग." म्हणजे एक औषधाला दाद न देणारा, एक देणारा. शास्त्राच्या भाषेत त्यात काही गैर नाही. मी तो वाचला आणि डोळ्यांपुढे ती खोली आली. नवऱ्याकडे एक प्रकार, बायकोकडे दोन. "मिश्र" या शब्दाचा त्या घरात काय अर्थ लावला गेला असता हे सांगायला नको. दुसरी बुरशी कुठून आली, हा पुढचा प्रश्न असता, आणि त्याला उत्तर म्हणून एक नवा संशय.

पण घराची काळजी म्हणून निकाल दडपणे हेही चूकच ठरले असते. तो खरा असता तर लिहावाच लागला असता. म्हणून आधी तो खरा आहे का ते बघायचे ठरवले. मॅडमना तोंडी सांगितले की टर्बिनाफिन चालणार नाही एवढे नक्की, बाकीचे दहा दिवसांनी.

काळ्या कागदातला उरलेला मूळ कोंडा काढला, नवे कल्चर लावले, त्यातून एकेक सुटी वसाहत उचलली आणि सहा वसाहती वेगवेगळ्या वाचल्या. सहाही ए. सी कुठेच नाही. मग पहिल्या खेपेचे जेलचे छायाचित्र पुन्हा काढून बघितले. जेलच्या प्रत्येक खणात एकेक नमुना घालतात, आणि डीएनए असला तर पट्टी दिसते. ज्या खणात डीएनए घातलाच नव्हता, जिथे काहीही दिसायला नको, तिथे एक फिकट पट्टी होती. पहिल्यांदा ती आम्ही पाहून सोडून दिली होती. शेजारच्या खणात आमचाच तुलनेचा संवेदनशील नमुना होता. त्याच्यात सी असते. त्याचा अंश इकडे आला होता.

रिकाम्या खणात पट्टी दिसली की ती खेप रद्द, हा नियम भिंतीवर लावलेला आहे. फिकट आहे म्हणून आम्ही तो मोडला. माझी सही त्या नोंदीवर आहे.

दुसरा निर्णयाचा क्षण

तेवढ्यात आणखी एक घडले. वैशालीच्या कल्चरचा पहिला कागद न्यायला नवरा आला आणि आमच्या खिडकीवरून तो त्याला दिला गेला. वैशालीला विचारले नव्हते. संध्याकाळी तो कागद घरात सगळ्यांनी वाचला. त्यावर बुरशीचे लांबलचक नाव होते. "एवढ्या मोठ्या नावाचा रोग" म्हणून तिचे अंथरूण दोन रात्री गॅलरीच्या दाराशी गेले. हे तिने मला नंतर सांगितले, तक्रारीच्या सुरात नाही.

अंतिम अहवाल तिच्याच हातात द्यायचा, आणि ती म्हणेल त्यांच्यासमोरच समजावायचा, असे तेव्हा ठरले. ती म्हणाली, "सासूबाईंनापण बोलवा. मी सांगून त्या ऐकायच्या नाहीत."

तिघे आली. नवऱ्याचा प्रश्न तयारच होता. मी त्याला आधी "बघू" म्हणाले होते, ते मागे घेतले. करोनाच्या विषाणूचा जीनोम सुमारे ३०,००० अक्षरांचा आणि त्यात महिन्याला साधारण दोन अक्षरे बदलायची, म्हणून माग काढता यायचा. तरीही दोन घरांतले विषाणू हुबेहूब निघाले तर कुणी कुणाला दिला ते त्यातून सुटायचे नाहीच. या बुरशीचा जीनोम दोन कोटींहून जास्त अक्षरांचा, पण देशभर पसरलेली ही बुरशी जनुकांनी जवळजवळ एकसारखी आहे, एकाच कुळातली. आमच्या फ्रीझरमध्ये एकमेकांचे तोंडही न पाहिलेल्या माणसांचे नमुने आहेत. आम्ही वाचलेल्या पट्ट्यांत तेही असेच दिसतात. तुमच्या दोघांची बुरशी सारखी निघाली, यावरून ती बायकोकडून नवऱ्याला गेली, नवऱ्याकडून बायकोला, की तिसऱ्याकडून दोघांना, हे सांगता येत नाही.

"म्हणजे हिनं आणली नाही?" सासूबाईंनी विचारले.

"मावशी, कुणी आणली ते या तपासातून कळतच नाही. अमेरिकेत न्यूयॉर्कला २०२३ मध्ये ही बुरशी दोघी बायकांत पहिल्यांदा नोंदली गेली. त्यातली एक तर त्याआधी परदेशी गेलीच नव्हती, असं त्या नोंदीत आहे. तिला ती कुणाकडून लागली, ते तिथल्या सीडीसी या एवढ्या मोठ्या सरकारी आरोग्य संस्थेच्या अहवालातही नाही."

त्या गप्प बसल्या. गुंडाळलेल्या ट्यूबचा विषय मी काढला नाही. काढावा असे फार वाटत होते. पण मुदतीच्या तारखेवरून एवढेच कळते की लग्नाआधी घरात कुणीतरी खाजेला मलम लावत होते. ती खाज याच बुरशीची होती हे मला सिद्ध करता आले नसते. वैशालीनेही तो विषय काढला नाही.

उठताना सासूबाई मागे थांबल्या. मुलगा जिना उतरल्याची खात्री केली, पदर बाजूला केला आणि निऱ्यांच्या जागेवर बोट ठेवले. पोटाच्या घडीखाली तळहाताएवढा काळपट चट्टा, त्याच्या आजूबाजूला स्टेरॉइडने पातळ झालेली, ताणाच्या रेघा उमटलेली कातडी. "दोन वर्सं झाली असतील," म्हणाल्या. "बाई, मलापण तपासा. त्याला सांगू नका."

मी नमुना घेतला. तीच बुरशी, तेच टीटीए. त्यांच्या मुलाला मी सांगितले नाही, आणि वैशालीलाही नाही.

परिणाम

उपचार डॉक्टर मॅडमनी तिघांना वेगवेगळे आखले. आधी सगळ्या ट्यूब बंद. स्टेरॉइड सुटल्यावर आठ-दहा दिवस खाज उसळते. हे आधीच सांगून ठेवले म्हणून कुणी पुन्हा नाक्यावर धावले नाही. नवऱ्याला इट्राकोनॅझोल, भरल्या पोटी. सासूबाई रोज सकाळी आम्लपित्ताची गोळी घेत. पोटातले आम्ल कमी असले की ही कॅप्सूल नीट शोषली जात नाही, म्हणून मॅडमनी ती गोळी बंद केली. वैशालीशी त्या एकटीशी बोलल्या. गरोदर नाही याची तपासणी केली, आणि औषध चालू असेपर्यंत व संपल्यावरही दोन महिने दिवस जाऊ द्यायचे नाहीत हे सांगितले. थांबायचे की फक्त लावायच्या औषधावर भागवायचे, हे तिने ठरवायचे होते. ती थांबते म्हणाली. घरात काय सांगायचे ते तिचे तिने बघितले. दिराला तपासले, अंगावर काही नव्हते.

कपड्यांचे मात्र सगळ्यांना एकच सांगितले: टॉवेल, चादरी आणि आतले कपडे कडकडीत गरम पाण्यात, दोरीवरून काढले की वर गरम इस्त्री. कोमट पाण्याच्या धुण्यात या बुरशीचे बीजाणू टिकून राहतात. इतके दिवस वैशालीचा टॉवेल वेगळ्या खिळ्यावर होता, पण धुवायची बादली सगळ्यांची एकच होती.

दहा आठवड्यांनी वैशालीची आणि नवऱ्याची त्वचा साफ झाली आणि केओएच तपासणीत धागे दिसले नाहीत. सासूबाईंना आणखी महिनाभर औषध लागले.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या दिवशी चौघांचेही अंग तपासायला हवे होते. ते झाले असते तर सासूबाईंचा चट्टा जुलैतच सापडला असता, आणि पदराआड सापडण्याऐवजी सगळ्यांबरोबर, नियमाने सापडला असता. सुनेला तपासून आणि सासूबाईंना, दिराला सोडून आम्हीही नकळत तिच्याकडेच बोट दाखवले.

"बघू" म्हणायला नको होते. नमुना घेण्याआधीच सांगायला हवे होते की या तपासातून कुठले औषध चालणार नाही ते कळेल, कुणाकडून आले ते कळणार नाही. आता आमच्या संमतीपत्रात हे वाक्य मराठीत, ठळक अक्षरांत आहे. अहवाल ज्याचा त्यालाच द्यायचा, हा नियम आधीही होता. आता खिडकीवरचा माणूस ओळखपत्र बघतो.

वैशालीला मूल कधी हवे आहे, हे मे महिन्यात पहिली गोळी लिहितानाच विचारता आले असते, नवऱ्याला बाहेर बसवून.

एका बाबतीत माझे अजून ठरत नाही. सासूबाईंना दिलेला शब्द मी पाळला. गुप्तता त्यांचा हक्क आहे. पण त्या शब्दामुळे वैशालीला माझ्याकडून ते कधीच कळले नाही, आणि चार महिने बोल खाल्ले ते तिने. डॉक्टर मॅडम म्हणतात, दुसरा मार्ग नव्हता. मी सासूबाईंना निदान एवढे तरी म्हणू शकले असते, की मावशी, तुम्हीच घरी सांगा. त्या दिवशी ते मला सुचले नाही.

बुरशींच्या जनुकांवर आपल्याकडे चांगले काम होते आहे. पण गजकर्णाने कुणी मरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये धोकादायक बुरशींची यादी काढली, तीत १९ नावे आहेत, आणि गजकर्णाची बुरशी त्यात नाही. ती यादी मृत्यू, औषधांना न जुमानणे अशा गोष्टी बघते, तिचा हिशेब मला मान्य आहे. कणकेला हात न लावण्याचा हिशेब कुठल्या यादीत ठेवतात हे मात्र मला ठाऊक नाही.

डिसेंबरात वैशाली शेवटच्या तपासणीला एकटीच आली. कोंडा घ्यायला कमरेवर जागाच सापडेना इतकी त्वचा निवळली होती. तरी जुन्या चट्ट्याच्या कडेवरून थोडे खरवडून घेतले. कल्चर चार आठवडे ठेवले, काही उगवले नाही. जाताना ती म्हणाली, "टॉवेलचा तो खिळा काढला, मॅडम. सासूबाईंनीच काढला. भिंतीला भोक राहिलंय."